अमेरिकेचे रूळ आणि कासुर्डीचा वर्ग

१.
१० मे १८६९. अमेरिकेच्या युटा प्रांतातील प्रॉमंटरी समिट या ओसाड माळावर दोन इंजिने समोरासमोर उभी राहिली. एक पूर्वेकडून आलेले, एक पश्चिमेकडून. शेवटच्या स्लीपरवर सोन्याचा खिळा ठेवला गेला आणि तारायंत्रावरून देशभर एकच शब्द गेला : ‘झाले’. अमेरिकेचे दोन किनारे लोहमार्गाने जोडले गेले होते. ही कथा पुष्कळांना ठाऊक आहे. आजच्या धाग्यात ती सांगेनच. परंतु दौंड तालुक्यातील कासुर्डी या माझ्या गावी ती मुलांना शिकवताना तिच्यातून काय काय बाहेर आले, तेही सांगायचे आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२.
पुण्याहून सोलापूरकडे निघाले आणि उरुळी कांचन मागे पडले, की यवतच्या अलीकडे आमचे गाव लागते. मी इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. शनिवार-रविवार गावी आले की नववी ते बारावीची दहा-बारा मुले जमतात आणि आम्ही इतिहास वाचतो. एकदा त्यांनी विचारले, ‘ताई, तुम्ही पुण्यात नेमके काय शिकता?’ त्या सत्रात मी आधुनिक अमेरिकेचा इतिहास वाचत होते, म्हणून म्हटले, ‘सध्या अमेरिकेतली रेल्वे.’ मुले हसली. रेल्वे म्हणजे त्यांच्या लेखी यवत स्थानकावरची पुणे-दौंड शटल. तिच्यात शिकण्यासारखे काय असणार? पुढचे सहा रविवार त्या हसण्याचे उत्तर शोधण्यात गेले.

३.
प्रथम अंतराची कल्पना यावी म्हणून आम्ही फरशीवर खडूने नकाशा काढला. ओमाहा ते सॅक्रामेंटो हा मार्ग १,७७६ मैलांचा, म्हणजे सुमारे २,८६० किलोमीटरचा. मुंबई ते हावडा हे आपले रेल्वेचे अंतर त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश भरते. मध्ये विस्तीर्ण गवताळ प्रदेश, मग रॉकी पर्वत, मग वाळवंट आणि अखेर सिएरा नेवाडाची ग्रॅनाइटची भिंत. पूर्वेकडून युनियन पॅसिफिक ही कंपनी निघाली, पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिक. ज्या कंपनीचे रूळ अधिक पुढे जातील, तिला अधिक जमीन आणि अधिक कर्ज मिळणार होते. त्यामुळे हे बांधकाम होते तशी ती शर्यतही होती.

४.
या शर्यतीचा कायदा अब्राहम लिंकन यांनी १ जुलै १८६२ रोजी मंजूर केला. ही तारीख मी मुलांना मुद्दाम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला लावली. कारण तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध ऐन भरात होते. त्याआधी कित्येक वर्षे मार्ग उत्तरेतून न्यावा की दक्षिणेतून, या वादात काहीच ठरत नव्हते. १८६१ मध्ये दक्षिणेची गुलामगिरीवादी राज्ये फुटून निघाली, त्यांचे प्रतिनिधी सभागृहातून गेले आणि उत्तरेचा मार्ग मोकळा झाला. युद्धाने राष्ट्र दुभंगले असतानाच त्याला जोडणारा कायदा संमत झाला. त्या कोपऱ्यातल्या तारखेकडे पुढे परत यावे लागणार आहे, लक्षात असू द्या.

५.
पैसा कोठून आला? अमेरिकन सरकारने कंपन्यांना मार्गाच्या दुतर्फा जमिनी बहाल केल्या. प्रत्येक मैलामागे आधी दहा चौरस मैल, १८६४ च्या दुरुस्तीनंतर दुप्पट. शिवाय सपाटीवर मैलामागे १६,००० डॉलर, डोंगरात ४८,००० डॉलर आणि मधल्या प्रदेशात ३२,००० डॉलर असे रोख्यांच्या रूपाने कर्ज.
आपल्याकडे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या ‘जीआयपी’ला, सरकारने जमीन विनामूल्य दिली आणि गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली. नफा झाला नाही तरी लंडनच्या भागधारकाला त्याचे पाच टक्के मिळणार; तूट भरून निघणार ती हिंदुस्थानच्या महसुलातून. त्या महसुलात मोठा वाटा शेतसाऱ्याचा. एका मुलाने हिशेब नेमका पकडला : ‘म्हणजे गाडी कंपनीची आणि जामीन शेतकरी.’

६.
आता मजूर. युनियन पॅसिफिककडे प्रामुख्याने आयरिश स्थलांतरित आणि युद्धातून मोकळे झालेले सैनिक होते. सेंट्रल पॅसिफिकला मात्र माणसे टिकेनात. येणारे लोक नेवाडातील चांदीच्या खाणींकडे पळत. तेव्हा १८६५ पासून कंपनीने चिनी मजूर घेण्यास आरंभ केला. ही माणसे मुख्यतः दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातील शेतकरी कुटुंबांतली. ‘एवढ्या किरकोळ अंगाची माणसे डोंगर काय फोडणार’, अशी शंका आधी घेतली गेली. दोन वर्षांच्या आत सेंट्रल पॅसिफिकच्या मजुरांत बहुसंख्य तेच होते. संपूर्ण काळात तेथे राबलेल्या चिनी मजुरांची संख्या दहा ते वीस हजारांच्या दरम्यान मानली जाते.

७.
सिएराच्या माथ्यावरील शिखर-बोगदा १,६५९ फूट लांबीचा. दोन्ही तोंडांकडून खोदकाम चालू होतेच. त्यात मधोमध एक उभी विहीर खणून तिच्या तळातून दोन्ही दिशांना आणखी दोन तोंडे उघडली. म्हणजे एकाच बोगद्यात चार ठिकाणी एका वेळी काम. दगड इतका कठीण की कित्येक दिवस दिवसभरात फूटभरही सरकणे होत नसे. काळी दारू पुरेना म्हणून नायट्रोग्लिसरीन वापरले गेले. हिवाळ्यात मजुरांनी बर्फाखालून भुयारे काढून त्यांतून ये-जा केली. हिमकडे कोसळून छावण्या गाडल्या गेल्या. किती चिनी मजूर दगावले, याची नोंद कंपनीने ठेवलीच नाही.

८.
येथे मुलांना मी आपल्याकडे वळवले. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी सर्वांना पाठ असते. परंतु आपल्या दारावरून जाणारा मार्ग कधी आला, हे कोणालाच सांगता येईना. पुणे ते डिकसळ हा टप्पा १५ डिसेंबर १८५८ रोजी सुरू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये खंडाळा-पुणे सुरू झाले होते. १८६० च्या जूनमध्ये गाडी सोलापूरला पोहोचली. म्हणजे प्रॉमंटरीच्या सोन्याच्या खिळ्याआधी दहा वर्षे यवतच्या माळावरून आगगाडी धावत होती! वर्गात त्या दिवशी प्रथमच कोणी हसले नाही.

९.
यात एक गंमतही आहे. मुंबईकडून आलेले रूळ खोपोलीत थांबत आणि इकडचे रूळ खंडाळ्याला सुरू होत. मधला भोर घाट अजून फोडला जात होता. उतारूंना तेवढा टप्पा पालखी, तट्टू वा बैलगाडीने ओलांडावा लागे. आणि घाटावर धावणारी इंजिने व डबे मुळात घाटरस्त्यानेच वर चढवावे लागले.
घाटमार्गाचा सर्वांत कठीण चढ ३७ फुटांना १ फूट. हा आकडा मुलांना कळेना. म्हणून आम्ही अंगणात सदतीस फुटांची दोरी ताणली, एका टोकाखाली फूटभर उंचीच्या विटा रचल्या. चढ डोळ्यांना जाणवेसुद्धा ना. मग सांगितले, की गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत लोखंडी चाकाने शेकडो टन घेऊन हा चढ चढायचा. तेव्हा बोगदे, पूल आणि गाडीची दिशा बदलून वर जाण्याचे ते उलट-स्थानक का लागले, हे त्यांच्या ध्यानी आले.

१०.
भोर घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये मार्ग खुला झाला. सुमारे पंधरा-सोळा मैल लांबी, १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. १८६१ च्या आरंभी या एका घाटावर बेचाळीस हजारांच्या आसपास माणसे कामाला होती. कॅलिफोर्नियातील संपूर्ण चिनी मजूरसंख्येच्या दुपटीहून अधिक! बाया आणि मुलेही त्यांत होती. पटकीच्या साथींनी छावण्याच्या छावण्या ओस पडल्या. मृत्यूंचे अंदाज हजारोंच्या घरात जातात.
एक तुलना मुलांना फार लागली. चिनी मजूर दिवसभर चहा पीत, म्हणजेच उकळलेले पाणी पीत. त्यामुळे हगवणीसारख्या रोगांपासून ते पुष्कळ अंशी बचावले. भोर घाटातल्या मजुराच्या वाट्याला ओढ्याचे पाणी होते. जगणे आणि मरणे यांत कधीकधी एका चुलीचे अंतर असते.

११.
घाटाचा पहिला कंत्राटदार विल्यम फेव्हियल. कामाची साखळी लांब होती : कंपनी, कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम आणि शेवटी मजूर. पैसा वरून निघे, खाली पोहोचेतो आटे. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा संताप अनावर झाला आणि त्यांनी युरोपीय देखरेखदारांवर हल्ला केला. चौकशी झाली. मार्चमध्ये फेव्हियलने कंत्राट सोडले.
आठ वर्षांनी, जून १८६७ मध्ये, सिएरातील हजारो चिनी मजुरांनी एकाच दिवशी हत्यारे खाली ठेवली. मागणी महिना चाळीस डॉलर मजुरी आणि कामाचे तास कमी, विशेषतः बोगद्यातले. दंगा नाही, आरडाओरड नाही. सर्वजण आपापल्या तळावर शांत बसून राहिले. कंपनीच्या चार्ल्स क्रॉकर यांनी अन्नपुरवठा तोडला. आठवड्याभरात संप मोडला.

१२.
फेव्हियलनंतर कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे गेले. ते १८५९ च्या सप्टेंबरात येथे आले आणि काही दिवसांतच आजारपणाने वारले. पुढे त्यांची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःकडे घेतले आणि जाणत्या व्यवस्थापकांच्या साहाय्याने ते पूर्णत्वास नेले. घाटाच्या कामाची छायाचित्रेही तिच्या नावाशी जोडलेली आहेत. वर्गातल्या मुलींना ही हकिगत विलक्षण आवडली. मात्र त्यांतल्याच एकीने विचारले, ‘आणि पाटी वाहणाऱ्या बायकांची नावे?’ ती कोठेच नाहीत. स्त्री असल्यामुळे अॅलिस दुर्मीळ ठरते. कंत्राटदार असल्यामुळे तिचे नाव उरते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे मुलींना माझ्याआधी उमगले होते.

१३.
चौथ्या रविवारी अँड्र्यू रसेल यांनी प्रॉमंटरीत काढलेले ते प्रसिद्ध छायाचित्र भ्रमणध्वनीवर मोठे करून पाहिले. दोन इंजिने, हस्तांदोलन करणारे दोन अभियंते, इंजिनावर चढून बाटल्या पुढे करणारी माणसे. मी एवढेच सांगितले, ‘यात चिनी मजूर शोधा.’ दहा मिनिटे शोध चालला. जवळपास कोणीच हाती लागेना. वास्तविक त्या दिवशी शेवटचा रूळ बसवणाऱ्यांत चिनी टोळी होती. त्याआधी दोन आठवडे, २८ एप्रिल १८६९ रोजी, सेंट्रल पॅसिफिकने एका दिवसात दहा मैल रूळ टाकण्याचा विक्रम केला, तोही हजारो चिनी मजुरांच्या बळावर. त्या दिवशी रूळ उचलून ठेवणारे आठ आयरिश कामगार होते. त्या आठांची नावे नोंदलेली आहेत. बाकीच्यांची नाहीत. पगारपत्रकांत चिनी मजुरांची नोंद बहुधा टोळीनुसार, टोळीच्या म्होरक्याच्या नावाखाली होई.

१४.
मग घरचा अभ्यास दिला : ‘आपल्या घरात वा शेजारी रूळांवर कोणी काम केले आहे का, ते विचारून या.’
पुढच्या रविवारी वही भरून आली. एकाचे पणजोबा गँगमन होते. हातोडा खांद्यावर घेऊन पहाटे रूळ तपासत जात. एकीच्या आजीचे वडील दौंडच्या इंजिन-शेडमध्ये कोळसा टाकत. वडार समाजातील एका मुलीने सांगितले, की तिच्या घरी ‘आपल्या माणसांनी घाट फोडले’ असे म्हणतात; कोणता घाट, कोणी, कधी, हे कोणाला सांगता येत नाही. माती-दगडाच्या कामात वडारांचे कसब पिढीजात होते आणि रेल्वेच्या बांधकामांवर त्यांच्या टोळ्या देशभर होत्या, हे कागदोपत्री दिसते. तिच्या घरातले वाक्य मात्र कोणत्याही कागदात नाही. मी ते तिच्याकडून तिच्याच अक्षरात लिहून घेतले.

१५.
आमच्या भागात गुऱ्हाळे पुष्कळ. त्यांवर राबणारी अनेक कुटुंबे उत्तर प्रदेशातून आलेली. अशाच एका घरातला नववीतला मुलगा वर्गात येई. तो सहसा बोलत नसे. त्या दिवशी त्याची वही कोरी होती. त्याने वर पाहून विचारले, ‘ताई, मग रूळ झाल्यावर त्या चिनी लोकांना माघारी धाडलं का?’
उत्तर मला ठाऊक होते, तरी ते द्यायला मला क्षणभर थांबावे लागले. ६ मे १८८२ रोजी अमेरिकेत चिनी बहिष्कार कायदा झाला. चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी, आणि आधीपासून असलेल्यांना नागरिकत्व नाकारलेले. हा कायदा १९४३ पर्यंत टिकला. रूळ झाले तेव्हा माणसे हवीहवीशी होती. मंदी आली तेव्हा तीच ‘आपली कामे हिसकावणारी’ ठरली.

१६.
वर्गात वाद झाला. एक मुलगा म्हणाला, बाहेरची माणसे स्वस्तात राबतात म्हणून गावच्या पोरांना मजुरी मिळत नाही. दुसरा म्हणाला, गावची पोरे चुलवाणापुढे उभी तरी राहतात का? शब्दाला शब्द वाढला. गुऱ्हाळावरचा मुलगा खाली बघून ऐकत होता. मी वाद थांबवला नाही. मात्र एक विचारले : चिनी मजुराला आयरिश मजुरापेक्षा कमी मोबदला कोण देत होते? आयरिश मजुराला मजुरीवर जेवण मिळे, चिन्याला ते स्वतःच्या पैशाने घ्यावे लागे. हा भेद आयरिशांनी ठरवला होता का? थोडा वेळ शांतता. मग पहिलाच मुलगा म्हणाला, ‘ठरवणारा क्रॉकर.’ इतिहासाने वाद मिटला नाही. परंतु वादाचे तोंड कोणाकडे असावे, हे बदलले.

१७.
रूळांखालची जमीन कोणाची, हाही प्रश्न होताच. अमेरिकन सरकारने जी जमीन कंपन्यांना वाटली, ती लाकोटा, शायान, पॉनी, शोशोनी अशा मूळ रहिवाशांची वस्तीची आणि शिकारीची भूमी होती. १८६७ मध्ये नेब्रास्कात शायान योद्ध्यांनी रूळ उखडून एक गाडी घसरवली. परंतु खरा आघात गव्यांवर झाला. रेल्वेने शिकारी आले, कातडी रेल्वेने गेली, आणि कोट्यवधींच्या संख्येने असलेले गवे १८८० च्या दशकात शेकड्यांवर आले. ज्या प्राण्यावर त्या लोकांचे अन्न, वस्त्र आणि निवारा उभा होता, तोच नाहीसा झाला.

१८.
आता फळ्याच्या कोपऱ्यातली ती तारीख. ज्या यादवी युद्धाने अमेरिकेत लोहमार्गाचा कायदा सुकर केला, त्याच युद्धाने दक्षिणेचा कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, सट्टा पेटला, आणि दख्खनमध्ये सावकारी कर्ज सढळ झाले. १८६५ मध्ये युद्ध संपले. भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या, सावकाराने हात आखडता घेतला. पाठोपाठ १८६७ नंतरच्या फेरपाहणीत शेतसारा वाढला. रेल्वेच्या बांधकामावरची मजुरीही काम संपताच आटली.
१२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने लुटली. कर्जरोखे आणि वह्या जाळल्या.

१९.
हे सुपे आमच्या शेजारच्या बारामती तालुक्यातले. तेव्हा आजच्या दौंड-बारामतीचा मोठा भाग भीमथडी तालुका म्हणून ओळखला जाई. तेथून दंग्याचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पाठ्यपुस्तकात हा ‘दख्खनचा उठाव’ म्हणून येतो, अमेरिकेचे यादवी युद्ध दुसऱ्या पुस्तकात येते. फळ्यावर १८६२ ते १८७५ अशी एक रेघ ओढली, तेव्हा दोन्ही पुस्तके एका रेघेवर आली. सुपे पाहिलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटले, ते कोणत्याही परीक्षेत मोजता येणार नाही.

२०.
पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवरची मजुरी सर रिचर्ड टेम्पल यांच्या धोरणानुसार कापण्यात आली : दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अगदी जुजबी पैसे. १८७७ च्या आरंभी हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. भोर घाट १८५९, सिएरा १८६७, दख्खन १८७७. तीन ठिकाणे, आणि मागणी जवळपास तीच. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हे आडबाजूचे गाव जंक्शन झाले.

२१.
आमच्या भागाचा अमेरिकन रेल्वेशी एक थेट धागाही आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्ताने, फिलाडेल्फियाला गेल्या. नंतर व्याख्याने देत त्या अमेरिकाभर फिरल्या आणि १८८८ च्या अखेरीस सान फ्रान्सिस्कोहून परतीच्या जहाजात बसल्या. पूर्व किनाऱ्यावर उतरलेली ही मराठी स्त्री पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली ती त्या काळच्या लोहमार्गांनीच. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचे पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अमेरिकेचे मनापासून कौतुक आहे. तसेच वर्णभेदावर आणि मूळ रहिवाशांच्या हालांवर स्पष्ट टीकाही आहे. पुढे त्यांनी ज्या केडगावात ‘मुक्ती’ उभी केली, ते यवतनंतरचे दुसरे स्थानक. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी वाचवून आणलेल्या मुली आणि विधवा याच भागात आल्या. ज्या रुळांवरून दुष्काळातही धान्य बाहेर जात होते, त्याच रुळांनी काही जीव आत आले. रेल्वेला ‘वरदान’ वा ‘शाप’ असा एकच शिक्का मारू पाहणाऱ्यांनी केडगावच्या फलाटावर थोडा वेळ उभे राहावे.

२२.
स्मरणाचाही इतिहास असतो. १९६९ मध्ये प्रॉमंटरीत शताब्दी साजरी झाली, तेव्हा अमेरिकेचे परिवहनमंत्री जॉन व्होल्पी यांनी भाषणात हा पराक्रम केवळ अमेरिकनांचा म्हणून गौरवला. चिनी मजुरांचा उल्लेख झाला नाही. त्यांचे वंशज समोर होते. त्यानंतर कित्येक वर्षे संशोधक आणि कुटुंबे पत्रे, वहिवाटी, छावण्यांच्या जागी सापडलेली भांडी आणि बटणे गोळा करत राहिली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने त्या मजुरांना आपल्या सन्मानदालनात स्थान दिले. काम पूर्ण झाल्यानंतर १४५ वर्षांनी. भोर घाटासाठी असे काही करायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

२३.
सहावा रविवार झाला आणि गुऱ्हाळावरचा मुलगा येईनासा झाला. त्याचे कुटुंब दुसऱ्या तालुक्यातील गुऱ्हाळावर गेले, एवढेच कळले. शाळेचे काय झाले, ते कोणाला सांगता आले नाही. माझ्या वर्गाच्या वहीत त्याचे नाव आहे, पूर्ण नाव, त्याच्या गावासह. दुसऱ्या एका मुलाने स्वतःहून त्याच्या नावापुढे लिहिले आहे, ‘यानेच तो प्रश्न विचारला होता.’ हा तोच मुलगा, ज्याने बाहेरच्यांमुळे मजुरी मिळत नाही असे म्हटले होते.
याने त्या मुलाची शाळा परत मिळत नाही. इतिहास शिकवून कोणाची मजुरी वाढत नाही, स्थलांतर थांबत नाही, हे मला दिसते. तरीही पगारपत्रकात टोळी म्हणून राहणे आणि वहीत माणूस म्हणून राहणे यांत फरक आहे. तो फरक करणे एवढे तरी आमच्या विद्येच्या हाती आहे.

२४.
आता तुमच्याकडे मागणे. पुणे-दौंड-सोलापूर, दौंड-मनमाड, भोर घाट, थळ घाट, मिरज, भुसावळ, कुर्डुवाडी... कोणत्याही मार्गावर तुमच्या घरातील कोणी गँगमन, खलाशी, फाटकवाला, कोळसेवाला, पाटीवाली वा मुकादम म्हणून राबले असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आज विचारा : नाव काय, गाव कोणते, काम कोणते, साधारण कोणत्या वर्षांत. ते वाक्य ते ज्या शब्दांत सांगतील, त्याच शब्दांत तारखेसह वहीत उतरवून ठेवा. हयात नसलेल्या माणसांबद्दल सांगायची घरच्यांची ना नसेल, तर या धाग्याखाली लिहा. पुढचे काही रविवार आम्ही तीच नोंदवही वाचणार आहोत.